खतावर रुसणारं झुडूप

पहिल्या वर्षी मी जे केलं ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणीही केलं असतं. बॉस्टनच्या उत्तरेला, न्यू हॅम्पशरच्या हद्दीजवळ आमचं घर आहे. मागच्या अंगणात दिवसभर ऊन खाणारी दहा बाय दहा फुटांची जागा मोकळी होती. तिथे मे महिन्यात रानटी ब्लूबेरीची सहा रोपं आणून लावली. लावताना हात आखडता घेतला नाही. खड्ड्यात कुजलेलं शेणखत घातलं, भाजीच्या सालपटांचं दोन वर्षं जपलेलं कंपोस्ट घातलं आणि हिवाळाभर जळलेल्या लाकडांची राख वरून भुरभुरली. जुलै आला तरी रोपं बोटभरसुद्धा वाढली नव्हती. शेंड्याची पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या.

त्या उन्हाळ्यात आई आली होती. तिचा सगळा संसार वाळवा तालुक्यात उसाच्या शेतात झाला. चहाचा कप हातात घेऊन ती वाफ्यापाशी गेली, एक पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा केवडा आहे. आपल्या आडसालीवर पडायचा तसाच. हिराकस फवार."

निदान बिनचूक होतं. चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पडतो तेव्हा जमिनीत लोह नसतं असं नाही. असतं, पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकून बसतं की मुळांना उचलता येत नाही. लोहाशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही. माझ्या वाफ्यात नेमकं तेच झालं होतं. हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, फवारल्यावर आठवडाभरात पानांवर थोडी हिरवळ आली आणि पुढच्या नव्या पानांबरोबर पिवळेपणाही परत आला. मग शहाणपण सुचलं आणि माती तपासायला पाठवली. सामू (पीएच) आला ६.९.

टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यांच्यासाठी ही माती उत्तम. रानटी ब्लूबेरीला मात्र सामू ४ ते ५ च्या दरम्यान लागतो. आकड्यांत फरक दोनाचा दिसतो, पण सामूची पट्टी दहापटीची आहे. सामू एकाने उतरला की आम्लता दहा पटीने वाढते. म्हणजे माझी माती या झुडपाला हवी त्याच्या जवळजवळ शंभर पट कमी आंबट होती, आणि त्यात राखेची भर मीच घातली होती. राख म्हणजे चुन्याची धाकटी बहीण.

या चुकीत मी एकटी नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत बहुतेकांची अशीच समजूत होती की ब्लूबेरी रानातून आणून लावता येत नाही. लोक रानातलं झुडूप उकरून आणत, परसातल्या सगळ्यात कसदार जागी लावत, वर शेणखत घालत, आणि ते झुरून मरे. फ्रेडरिक कोव्हिल हे अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९०६ च्या सुमारास या झुडपावर प्रयोग सुरू केले आणि १९१० मध्ये निष्कर्ष पुस्तिकेच्या रूपाने छापले. कसदार बागाईत मातीत ब्लूबेरी तग धरत नाही, चुना तिला मारक आहे, शेणखताने नुकसान होतं, तिला आंबट आणि निकस जमीनच लागते, असं त्यांनी कुंड्या मांडून दाखवलं. शेतीच्या इतिहासात 'खत घालू नका' हा शोध ठरावा, याची मला अजून गंमत वाटते.

कोव्हिल यांनी निवडलेलं पहिलं झुडूप १९०८ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या ग्रीनफील्ड गावच्या एका माळावरचं होतं. आमच्याकडून गाडीने तिथे सहज जाऊन येता येतं. ते उंच जातीचं होतं. पुढच्या वर्षी त्याच भागातलं एक बुटकं झुडूप त्यांनी उचललं आणि पुढे या दोघांचा संकर केला. त्यांची पुस्तिका न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग इथल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी वाचली आणि १९११ मध्ये त्यांना पत्र लिहिलं. एलिझाबेथबाईंच्या घरची क्रॅनबेरीची मोठी शेती होती. बाईंनी युक्ती केली. आसपासच्या पाइनच्या रानात फिरणाऱ्या लोकांना पाच अष्टमांश इंचाचं, म्हणजे साधारण १६ मिलिमीटरचं भोक पाडलेली पट्टी दिली. त्या भोकातून खाली पडणार नाही एवढं मोठं फळ ज्या झुडपाला लागेल ते दाखवा आणि पैसे घ्या, असा सौदा. झुडपाला नाव दाखवणाऱ्याचंच. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेलं झुडूप सगळ्यांत सरस निघालं. पण 'लीक' म्हटलं की इंग्रजी कानाला कांद्याच्या पातीसारखी भाजी आठवते, आणि 'रूब' म्हणजे गावंढळ. तेव्हा रूबच्या पुढे आडनावाचं पहिलं अक्षर जोडून 'रूबेल' केलं. ती जात आजही लावतात. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. पुण्या-मुंबईच्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत मिळणारी टपोरी फळं याच घराण्यातली.

मी लावली होती ती मात्र या घराण्याची रानातच राहिलेली चुलत बहीण. डबीतल्या ब्लूबेरीचं झुडूप सहा-आठ फूट उंच होतं. रानटी ब्लूबेरी, शास्त्रीय नाव वॅक्सिनियम अँगस्टिफोलियम, घोट्यापासून फार तर गुडघ्यापर्यंत. फळ मिरीच्या दाण्याहून मोठं, वाटाण्याएवढं. चव मात्र दाट. मोठं फळ पाणीदार गोड लागतं; हे लहान फळ करवंदासारखं आधी आंबट चिमटा काढतं आणि मग गोड होतं.

तिचं खरं राज्य इथून उत्तरेला, मेन राज्याच्या पूर्व टोकाला वॉशिंग्टन काउंटीत आणि पलीकडे कॅनडातल्या नोव्हा स्कोशा, न्यू ब्रन्सविक, क्वेबेकमध्ये. हिमयुगाच्या शेवटी वितळत्या हिमनद्यांनी तिथे वाळू-गोट्यांचे सपाट माळ पसरून ठेवले. त्यांत ना कस, ना ओलावा धरून ठेवायची ताकद. चेरीफील्ड, डेब्लॉय, मचायस या गावांभोवती असे मैलोन् मैल माळ आहेत. मेनमध्ये एकूण ४० हजार एकरांच्या आसपास रानटी ब्लूबेरी निघते, आणि यातली बहुतेक सगळी झुडपं कोणी लावलेली नाहीत. जंगल तुटलं किंवा जळलं, सावली गेली, आणि खाली आधीपासून दबा धरून असलेली ब्लूबेरी पसरली. माणसाने फक्त गवत-झाडोरा काढून तिला जागा करून दिली.

दबा धरून म्हणजे अक्षरशः. या झुडपाचा मोठा हिस्सा, सत्तर टक्क्यांहून अधिक, जमिनीखाली असतो. आलं-हळदीसारखी पण पेन्सिलीहून बारीक अशी आडवी खोडं वरच्या काही इंचांत जाळं विणत जातात आणि जागोजागी वर फुटवे काढतात. हरळी उपटताना एक टोक ओढलं की वीतभर लांब दुसरीकडे माती हलते, तसं. फरक इतकाच की हरळी एका पावसात वाफा खाते आणि ही वर्षाला काही बोटं सरकते. एका बीपासून निघालेला असा पसारा शेकडो चौरस फुटांचाही होतो, आणि शेजारचा पसारा दुसऱ्या बीचा, दुसऱ्या स्वभावाचा. ऑक्टोबरमध्ये हे माळ पाहावेत. एक तुकडा किरमिजी, त्याला लागून शेंदरी, मग वांगी रंगाचा, मग परत लाल. गोधडी अंथरल्यासारखं दिसतं, आणि प्रत्येक ठिगळ म्हणजे एकच झाड.

एवढ्या निकस जागी पोट कसं भरतं? तिच्या मुळांना मुळी केशमुळंच नसतात. ज्या बारीक लवेने इतर झाडं पाणी आणि क्षार शोषतात ती लवच नाही. त्याऐवजी तिच्या केसाएवढ्या मुळांच्या पेशींत एक बुरशी राहते. ही बुरशी कुजत्या पानांतलं आणि सालींतलं नत्र सोडवून मुळाला देते आणि बदल्यात साखर घेते. नत्राच्या बाबतीत झुडपाची खोडही ठरलेली: अमोनियम रूपातलं चालतं, नायट्रेट रूपातलं नीट पचत नाही. आंबट जमिनीत अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, म्हणून तिथे तिचं बरं चालतं. माझ्या कसदार वाफ्यात नायट्रेटची रेलचेल होती. भरल्या ताटावर बसून उपाशी, अशी तिची गत मी केली होती.

दुसऱ्या वर्षी नव्याने सुरुवात केली. जुना वाफा टोमॅटोला देऊन टाकला. कुंपणाकडची रेताड जागा घेतली आणि रोपं लावायच्या आधी वर्षभर गंधक घालून ती पडीक ठेवली. गंधक घातलं की सामू लगेच उतरत नाही. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्लात रूपांतर करतात आणि थंडीत ते काम थांबतं, म्हणून एक हंगाम तरी द्यावा लागतो. रेताड जमिनीला सामू एका अंकाने उतरवायला १०० चौरस फुटांमागे साधारण पाऊण ते एक पौंड गंधक पुरतं. भारी जमिनीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. एकदम जास्त ओतू नये, माती तपासत जावं. दुकानात अ‍ॅल्युमिनियम सल्फेटही मिळतं आणि ते झटकन काम करतं, पण जास्त झालं तर अ‍ॅल्युमिनियम मुळांना विषासारखं बाधतं. त्याच्या वाटेला मी गेले नाही.

इथे दोन लाडक्या गैरसमजांची वासलात लावून टाकते. कॉफीचा चोथा घातला की माती आंबट होते म्हणतात. उकळत्या पाण्याबरोबर आम्ल कपात उतरतं. उरलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो. पाइनच्या सुया पसरल्या की सामू उतरतो, हेही तसंच. सुयांचं आच्छादन चांगलं, ओल टिकते, तण दबतं, पण सामूला त्याचा धक्का फारसा लागत नाही.

रोपांऐवजी या वेळी हिरवळीच्या तुकड्यांसारखे मातीसकट कापलेले ब्लूबेरीचे चौकोन मिळाले. त्यात आडवी खोडं शाबूत असतात. दीड-दीड फुटावर ते बसवले, मधल्या जागेत लाकडाचा भुसा आणि झाडाची साल दोन-तीन इंच पसरली. पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाकली. ते करताना जिवावर येतं, पण न खुडता चालत नाही. खत म्हणून वसंतात मूठभर अमोनियम सल्फेट, बस. पाणी पावसाचं साठवून देते, कारण नळाचं पाणी जड असलं तर त्यातला चुना वर्षानुवर्षं केलेली मेहनत गुपचूप पुसतो. आणि तण हातानेच काढते. खुरपं चालवलं तर वरच्या दोन इंचांतलं सगळं जाळं तुटतं.

मेच्या मध्यावर फुलं येतात. उलट्या टांगलेल्या इवल्याशा घागरी, पांढऱ्या, कडेला गुलाबी झाक, तोंड अरुंद. यांतले परागकोश आपल्याकडच्या वांग्या-टोमॅटोसारखे टोकाला भोक असलेले असतात. मिठाच्या डबीसारखे हलवल्याशिवाय पराग सांडत नाहीत. मधमाशीला ते हलवता येत नाही. बंबल बी नावाचा केसाळ भुंगा फुलाला लोंबकळतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग झरझर त्याच्या पोटावर पडतात. वाफ्याशेजारी उकिडवं बसलं तर उडण्याचा गुणगुणाट थांबून एकदम वरच्या पट्टीतला छोटासा 'झिंऽ' ऐकू येतो. तो आला की समजायचं, एक फळ धरलं. आपल्या वांग्याच्या ताटव्यातही निळ्या पट्ट्यांची माशी हाच उद्योग करते. मेनमधले शेतकरी मात्र फुलाच्या दिवसांत ट्रक भरभरून मधमाश्यांच्या पेट्या आणतात. कौशल्याची उणीव संख्येने भरून काढायची, असा हिशेब. आणखी एक अट म्हणजे हे झाड स्वतःच्या परागाने नीट फळत नाही, म्हणून वाफ्यात निदान दोन वेगवेगळ्या पसाऱ्यांचे तुकडे हवेत. एकाच रोपाची सहा पिल्लं लावून फळांची वाट पाहत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

फळ पिकतं जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर. ब्लूबेरीचा निळेपणा ही नजरबंदी आहे. एक फळ घेऊन अंगठ्याने चोळा. निळं पुसलं जातं आणि खाली काळपट जांभळी साल दिसते. साल-रसातलं रंगद्रव्य निळं नाहीच. वरच्या मेणाच्या थरातले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश विखुरतात, असं ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. काही पसाऱ्यांच्या फळांवर हे मेण नसतंच. ती करवंदासारखी काळी आणि चकचकीत होतात. रसातलं रंगद्रव्य पुन्हा सामूच्याच तालावर नाचतं. लिंबू पिळलं की लाल, खायचा सोडा पडला की निळं-हिरवं. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्यांना याचं नवल वाटू नये. केकमध्ये सोडा जास्त झाला तर ब्लूबेरीभोवती हिरवी वर्तुळं उमटतात. आमच्याकडे पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मुलांनी केकला बुरशी आली म्हणून ताट बाजूला सारलं होतं.

मेनच्या माळांवर फळं हाताने एकेक तोडत नाहीत. सुपाच्या तोंडाला लांब दात बसवावेत तशी एक फणी असते, ती झुडपातून वर उचलत नेली की फळं सुपात आणि पानं मागे. आता बरंचसं काम यंत्रं करतात. पण ऑगस्टमध्ये कॅनडातून मिगमॉ लोक अजूनही सहकुटुंब येतात. हे माळ मूळचे त्यांचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे. गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासून ते फळं वाळवून हिवाळ्यासाठी साठवत आणि माळांना ठरवून आग लावत.

ही आग म्हणजे या झुडपाची छाटणी. तासगावकडे मामांच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. सगळं कापून टाकायचं, नवी काडी वाढवायची, त्या काडीत घड तयार होऊ द्यायचा, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी घेऊन फळ धरायचं. रानटी ब्लूबेरीचं साधारण तसंच, फक्त एका वर्षाऐवजी दोन वर्षांत. जुनी काडी फळाला थकते. ती जमिनीलगत जाळली किंवा कापली की खालच्या आडव्या खोडांतून जोमदार नवे फुटवे येतात. त्या वर्षी फळ नाही. उन्हाळा सरताना फुटव्यांच्या शेंड्यांना गोल, फुगीर फुलकळ्या धरतात. पानाच्या कळ्या त्यांच्याखाली बारीक आणि टोकदार. मग हिवाळा. सात अंशांखालच्या थंडीचे हजारएक तास भोगल्याशिवाय त्या कळ्या नीट उमलत नाहीत. मोसंबीला ताण दिल्याशिवाय बहर येत नाही, तसा हा थंडीचा ताण. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पीक.

ही थंडीची अट आहे म्हणूनच कोकणातली जांभ्याची आंबट माती पाहून कोणी रानटी ब्लूबेरीची रोपं मागवू नयेत. माती कदाचित चालेल, हिवाळा चालणार नाही. थोड्या थंडीत भागणाऱ्या संकरित जाती फ्लोरिडात तयार झाल्या. हौस असेल तर त्या कुंडीत, नारळाच्या भुश्यात लावून पाहाव्यात. विहिरीचं क्षारयुक्त पाणी मात्र घालू नये. निलगिरीच्या डोंगरांत वॅक्सिनियम वंशातली तिची भावंडं रानात उगवतात, ती आपापल्या जागी सुखात आहेत.

घरच्या वाफ्यात आग लावायची गरज नाही, आणि आमच्याकडे तशी परवानगीही सहज मिळत नाही. वाफ्याचे दोन भाग करायचे आणि मार्चमध्ये, कळ्या फुगायच्या आत, दरवर्षी एकच भाग कात्रीने जमिनीलगत कापायचा. म्हणजे एक बाजू वाढते, दुसरी फळते. जाळी मात्र दरवर्षी लागते. रॉबिन पक्ष्यांना फळ पिकल्याचं माझ्या आधी दोन दिवस कळतं. शिवाय २०११ पासून या भागात एक बारीक परदेशी फळमाशी आली आहे. ती पिकत्या फळाच्या सालीला चीर पाडून आत अंडी घालते. तिच्यावर परसबागेत सोपा उपाय एकच, फळ झाडावर रेंगाळू द्यायचं नाही आणि तोडलं की सरळ फ्रिजमध्ये ठेवायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये, लावणीनंतर चौथ्या वर्षी, निम्म्या वाफ्यातून पाच वाट्या फळं निघाली. मार्चमध्ये तो भाग बुडख्यापर्यंत कापला आणि आईला फोनवर सांगितलं. तिकडे जरा वेळ काही आवाज आला नाही.

"म्हणजे खोडवा धरलास," ती म्हणाली. "मग पाचट जाळू नकोस हो, तसंच सरीत दाबून ठेव."

कापलेल्या काड्या मी कुंपणाबाहेर टाकायला टोपलीत भरल्या होत्या. त्या परत वाफ्यावर पसरल्या.